पहाटे तीनचे जेवण कोणासाठी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मध्यरात्रीनंतर निघणाऱ्या परदेशी विमानांत उड्डाणानंतर तासाभरातच जे पूर्ण जेवण वाढले जाते, त्याच्या वेळेविषयी आपल्या स्तंभातून थोडे लिहावेसे वाटते. बडोद्यातून परदेशी जाणाऱ्या बहुतेकांना आधी अहमदाबाद किंवा मुंबई गाठावी लागते. विमान पहाटे दोन ते चारच्या दरम्यानचे, विमानतळावर तीन तास आधी पोहोचायचे आणि रस्त्यातला वेळ वेगळा, असा हिशेब असल्यामुळे माणूस घरून वरणभात खाऊनच निघतो, नाहीतर दशम्या आणि बटाट्याची भाजी बरोबर घेतो. सामान, इमिग्रेशन आणि सुरक्षातपासणी यांतून सुटून तो एकदाचा आपल्या जागेवर टेकतो, तेव्हा त्याला भूक अशी नसतेच, झोप मात्र अनावर झालेली असते. नेमके त्याच वेळी दिवे लागतात आणि ट्रॉली येते.

विमाने अशा आडवेळी का निघतात, हे समजण्यासारखे आहे. युरोपातील अनेक मोठ्या विमानतळांवर रात्रीच्या वाहतुकीवर कडक निर्बंध आहेत. फ्रँकफर्टला रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळेत नियोजित उड्डाणांना बंदी आहे, तर हीथ्रोवर रात्री साडेअकरा ते सकाळी सहापर्यंत मोजक्याच विमानांना मुभा मिळते. तेथे सकाळी उतरून पुढची विमाने गाठायची, तर भारतातून मध्यरात्रीनंतर निघणे सोयीचे पडते. तेव्हा उड्डाणाच्या वेळा बदला, असे माझे म्हणणे मुळीच नाही. आक्षेप आहे तो त्या वेळी समोर येणाऱ्या ताटाला.

यावर नेहमी मिळणारे उत्तर असे, की जेवण पोहोचण्याच्या ठिकाणच्या घड्याळाप्रमाणे दिले जाते. लंडनच्या विमानात आपल्याकडचे पहाटेचे तीन वाजलेले असतात, तेव्हा हिवाळ्यात तेथे आदल्या रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. म्हणजे कागदावर ती रात्रीच्या जेवणाची वेळ ठरते. हे उत्तर अगदीच निराधार नाही. परंतु शरीराचे घड्याळ नव्या वेळेशी जुळायला काही दिवस लागतात, ते विमानाचे दार बंद होताच पुढेमागे होत नाही, आणि पहिल्या रात्री तरी पोट बडोद्याच्याच वेळेने चालत असते. शिवाय आखाती देशांच्या बाबतीत हा युक्तिवाद टिकतच नाही. दुबईची वेळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे आहे. अहमदाबादहून पहाटे चारला निघालेल्या विमानात पाच वाजता पुलाव आणि पनीर समोर येते, तेव्हा दुबईत साडेतीन वाजलेले असतात. इकडेही रात्र आणि तिकडेही रात्र. हे जेवण नेमके कोणत्या गावच्या घड्याळाने वाढले, ते वाढणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

आरोग्याच्या दृष्टीनेही ही वेळ प्रतिकूल आहे. रात्री शरीराला साखर हाताळणे दिवसाइतके जमत नाही. त्यातच विमानाच्या आतील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवर असावा तितका कमी ठेवलेला असतो, म्हणजे माउंट अबूच्या दीडपट ते दुप्पट उंचीइतका, आणि दाब उतरला की पोटातील वायू फुगतो. राजमा किंवा छोले खाऊन, पाय पोटाशी घेऊन, अर्धवट कललेल्या खुर्चीत डोळे मिटणाऱ्याला आंबट ढेकरांशिवाय दुसरे काय मिळणार? एरवी डॉक्टर जेवणानंतर दोन-तीन तास आडवे होऊ नका असे बजावतात. बरे, एवढे करून त्या अन्नाची चव तरी लागावी! वरच्या कोरड्या हवेत आणि कमी दाबात मीठ आणि साखर जिभेला फिकी लागते, हे जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या अभ्यासातही दिसून आले आहे.

काही कंपन्या ‘मला उठवू नका’ अशी चिकटपट्टी देतात. ज्याला जेवायचे असेल त्याने जेवावे, ज्याला झोपायचे असेल त्याने झोपावे, असा हा साधा उपाय वाटतो, पण प्रत्यक्षात तो लंगडा आहे. मागच्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी जाताना मी ती पट्टी खुर्चीला लावून डोळे मिटले होते. थोड्या वेळाने हवाईसुंदरीने हलकेच खांद्याला हात लावला. मला जेवण नको आहे हे तिला ठाऊक होते, परंतु मागच्या गृहस्थांना ट्रे उघडून जेवता यावे म्हणून माझी खुर्ची सरळ करणे भाग होते. तिचे काही चुकले नाही आणि त्या गृहस्थांचेही नाही. पुढे मग कोपराला ट्रॉलीचा धक्का, पलीकडे अॅल्युमिनियमची झाकणे सोलल्याचा आवाज, आणि खिडकीकडच्या बाईंना बाहेर जायचे तर मधल्या माणसाच्या मांडीवर उघडलेला ट्रे. सगळी ताटे उचलून होईपर्यंत दिवे मालवता येत नाहीत. म्हणजे एकट्यादुकट्याने जेवण नाकारून झोप मिळत नाही. ती मिळायची तर सगळ्या केबिनच्या जेवणाची वेळच बदलावी लागेल.

आमच्या गुजरातेत या प्रकाराला आणखी एक विचित्र बाजू आहे. तिकिटाबरोबर जैन जेवण मागता येते. त्यात कांदा, लसूण, बटाटा नाही याची काळजी कंपन्या मनापासून घेतात, आणि मग ते ताट पहाटे तीन वाजता नेऊन देतात. जे लोक कंदमुळे वर्ज्य करतात, त्यांतले पुष्कळजण सूर्यास्तानंतर अन्नाला शिवत नाहीत, हे कोणाच्या ध्यानात आलेले दिसत नाही. असे ताट झाकणासकट परत जाताना मी पाहिले आहे आणि ते पुढे कचऱ्यातच जाणार, हेही उघड आहे.

दुसऱ्या बाजूचाही विचार केला पाहिजे. माझे यजमान मधुमेही आहेत आणि इन्सुलिन घेतात, त्यामुळे वेळेवर खायला मिळणे त्यांच्यासाठी चैन नाही. लहान मुले असतात, दुपारपासून प्रवासात असलेली आणि विमानतळावरचे दर पाहून उपाशी राहिलेली माणसेही असतात. परंतु मधुमेहींसाठीचे जेवण चोवीस तास आधी नोंदवता येते आणि कोणत्या जागेवर कोणते ताट द्यायचे याची यादी कर्मचाऱ्यांच्या हातात असते. ज्या व्यवस्थेला ‘काय’ हे विचारता येते, तिला ‘केव्हा’ हे विचारणे अवघड का जावे?

हा प्रश्न आपल्या रेल्वेने केव्हाच सोडवला आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ही झोपेची वेळ नियमात आहे आणि दहानंतर तिकीट तपासनिसानेही झोपलेल्याला उठवू नये, असा दंडक आहे. नियम पाळला जात नाही अशी तक्रार पुष्कळ ठिकाणी असेल, पण निदान तक्रार करायला नियम तरी आहे. राजधानी आणि शताब्दीत २०१७ पासून तिकीट काढतानाच जेवण नको असे सांगण्याची सोय आहे आणि तेवढे पैसेही कमी होतात. विमानात मात्र जेवणाची किंमत भाड्यात मुरलेली असते, म्हणून ‘पैसे भरलेत, मग खाऊन घ्या’ असे आपणच एकमेकांना सांगत पहाटे तीनला चमचा उचलतो.

विमानातले अन्न तासन्‌तास गरम ठेवता येत नाही, ही कंपन्यांची अडचण खरी आहे. ते जमिनीवर शिजवून लगेच थंड करतात, थंडच वर नेतात आणि वाढण्यापूर्वी तेथील भट्टीत तापवतात; एकदा तापवले की थोड्या वेळात संपवावे लागते. कर्मचाऱ्यांनाही आळीपाळीने विश्रांती हवी असते, म्हणून जेवणाचे काम आधी उरकण्याकडे कल असतो. या दोन्ही अडचणी मान्य करूनही बरेच करता येईल. बाराच्या पुढे निघणाऱ्या विमानात चढतानाच प्रत्येकाच्या हाती पाण्याची बाटली आणि ठेपले, फळ किंवा सँडविच असे गार खाण्याचे पाकीट द्यावे. ज्याला भूक असेल तो दिवे न लावता खाईल. ज्यांनी आधी नोंदवले असेल अशांनाच तेव्हा गरम ताट द्यावे. उड्डाण स्थिर झाले की दिवे मालवावेत आणि मुख्य जेवण उतरण्यापूर्वी दोन-अडीच तासांवर ठेवावे. तीन तासांच्या आखाती प्रवासात तर त्या पाकिटावरच भागेल.

परतीच्या रात्रीच्या विमानातही असाच ओढा असतो. नऊ तासांच्या लंडन-मुंबई प्रवासात सुरुवातीला जेवण, शेवटी दोन तास उरले असताना न्याहारी, आणि मध्ये जेमतेम पाच तासांचा अंधार. तेथे निदान निघण्याची वेळ तरी जेवणाची असते, त्यामुळे तिच्याबद्दल माझी फारशी तक्रार नाही.

विमान कंपन्यांपैकी कोणाच्या नजरेस हे पत्र पडले, तर त्यांनी एवढेच कळवावे: मध्यरात्रीनंतर निघणाऱ्या विमानांतली किती ताटे झाकण न काढता परत येतात, याची नोंद ते ठेवतात का आणि ठेवत असतील, तर ती जाहीर करायला त्यांची तयारी आहे का?

आपली विश्वासू,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा