दहा सामन्यांवरून निकाल नको

महोदय,

आपल्या दैनिकाच्या क्रीडापानावर परदेशी खेळांचा आढावा घेताना बेसबॉलमधील जॅक्सन हॉलिडे या तरुण फलंदाजाची गणना ‘गाजावाजा झालेल्या, पण फसलेल्या’ खेळाडूंत करण्यात आली, हे वाचून वाईट वाटले. मुलीकडे मुक्कामाला असल्याने २०२४ चा एप्रिल महिना मी बाल्टिमोरजवळ काढला. ज्या दहा सामन्यांवरून हा शिक्का मारला गेला, त्यांतील काही मी दूरचित्रवाणीवर आणि एक कॅम्डेन यार्ड्सच्या मैदानात बसून पाहिला. आपण दिलेल्या आकड्यांबद्दल माझी तक्रार नाही; त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही.

आकडे खरोखरच दारुण होते. फलंदाजीच्या चौतीस पाळ्यांत केवळ दोन हिट (चेंडू टोलवून सुरक्षितपणे बेसवर, म्हणजे धावेच्या टप्प्यावर, पोहोचणे) आणि १८ वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा चेंडू मैदानात न टोलवताच माघारी. २६ एप्रिलला बाल्टिमोरच्या ओरिओल्स संघाने त्याला पुन्हा मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीग या सर्वोच्च स्पर्धेच्या खालच्या स्तरावर, नॉरफोकला पाठवले. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. २०२२ मध्ये शाळेतून बाहेर पडताच साऱ्या देशातून पहिली निवड त्याची झाली होती आणि करारापोटी त्याला सुमारे ८२ लाख डॉलर मिळाले होते. वडील मॅट हॉलिडे हे २००७ मध्ये मेजर लीगच्या दोन विभागांपैकी नॅशनल लीगमधील सर्वोत्तम सरासरीचे (हिट भागिले पाळ्या) फलंदाज. त्यातच २०२३ च्या एकाच मोसमात मुलाने मायनर लीगच्या चारही पायऱ्या चढून दाखवल्यामुळे अपेक्षांना धरबंध उरला नव्हता. मात्र मेजर लीगच्या लगतची जी ट्रिपल-ए पायरी, तिथे त्याचे तीस सामनेही झालेले नव्हते, हे त्या गदारोळात फारसे कोणी लक्षात घेतले नाही.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या वाचकांना या दोन पायऱ्यांमधले अंतर समजावून सांगणे आवश्यक आहे. पिचर सुमारे साडेअठरा मीटरवरून ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने चेंडू फेकतो आणि तो टप्पा न पडता येत असल्याने फलंदाजाच्या हाती जेमतेम ०.४ सेकंद असतात. वेगवान चेंडू ट्रिपल-एमध्येही असतात. पण तिथल्या पिचरचा हात अधूनमधून चुकतो आणि चांगला फलंदाज त्या चुकीची वाट पाहू शकतो. मेजर लीगमध्ये ती चूक क्वचितच होते. शिवाय प्रतिस्पर्धी संघ नवख्याच्या प्रत्येक फटक्याचे चित्रण पाहून त्याची दुखरी जागा हेरतो. छातीजवळचा फास्टबॉल उशिरा खेळला जातो असे एकदा दिसले की तोच वारंवार येतो, आणि फलंदाज त्याच्यासाठी घाई करू लागला की त्याच हालचालीने सोडलेला स्लायडर ऐनवेळी खाली वळून बॅट चुकवतो. मोसमात १६२ सामने असतात आणि एकाच संघाशी बहुधा सलग तीन दिवस गाठ पडते, त्यामुळे चुकलेले तंत्र सुधारायला उसंतच मिळत नाही. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्या काळी ट्रिपल-एच्या काही सामन्यांत चेंडू स्ट्राइक (फलंदाजाच्या टप्प्यातला) आहे की नाही हे यंत्र ठरवत असे, तर मेजर लीगमध्ये तो निर्णय पंचांच्या नजरेवर होता. चेंडू सोडण्यात वाकबगार असलेल्या मुलाला ही बदललेली चौकट नक्कीच जड गेली असावी, असे माझे मत आहे.

मी मैदानात होते त्या संध्याकाळी स्ट्राइकआउट होऊन तो परतताना माझ्या भोवतीच्या प्रेक्षकांपैकी कोणी हुर्यो केली नाही. उलट, शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी पूर्वी असे कितीतरी फलंदाज पाहिले असणार. १९५१ मध्ये विली मेजने पहिल्या सव्वीस पाळ्यांत एकच हिट मारला होता, पण व्यवस्थापक लिओ ड्युरोशर यांनी त्याला संघाबाहेर काढले नाही. मेज त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि पुढे त्याने ६६० होमरन (चेंडू मैदानाबाहेर जाणारे, षटकारासारखे फटके) मारले. त्याच वर्षी न्यूयॉर्क यँकीजच्या मिकी मँटलची मात्र जुलैमध्ये कॅन्सस सिटीच्या मायनर लीग संघात रवानगी झाली. तो खचून खेळ सोडण्याची भाषा करू लागला, तेव्हा खाणीत राबणारे त्याचे वडील तिथे येऊन धडकले आणि चल माझ्याबरोबर खाणीत कामाला, म्हणून त्याचे सामान बांधू लागले, असे मँटलच सांगत असे. ऑगस्टमध्ये तो परतला आणि निवृत्तीपर्यंत यँकीजकडूनच खेळला. अलीकडचा माइक ट्राउटही २०११ मध्ये ०.२२० या सरासरीवर अडकला होता. पुढच्याच वर्षी ती ०.३२६ झाली.

हॉलिडे तीन महिन्यांनी परत आला. ३१ जुलैला टोरांटोविरुद्ध तिन्ही बेस भरलेले असताना त्याने मेजर लीगमधला आपला पहिला होमरन मारला आणि तो चेंडू मैदानालगतच्या यूटॉ स्ट्रीटवर जाऊन पडला. एवढ्याने सारे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. त्या मोसमाअखेर त्याची सरासरी ०.१८९ होती, म्हणजे परतल्यावरही तो बराच चाचपडत होता. परंतु २०२५ मध्ये त्याने जवळजवळ पूर्ण मोसम खेळून १७ होमरन मारले आणि सरासरी ०.२४२ वर नेली. ही काही महान खेळाडूची सरासरी नव्हे; तरीही एकवीस वर्षांच्या मुलाने जगातील सर्वांत कठीण गोलंदाजीसमोर वर्षभर टिकून केलेली ही प्रगती आपल्या आढाव्यात एका ओळीनेही यायला नको होती का?

पुढील आढाव्यात त्याचे नाव जरूर घ्यावे. मात्र एप्रिल २०२४ च्या त्या दहा सामन्यांच्या जोडीला ३१ जुलैचा सामना आणि २०२५ चा मोसमही छापावा, अशी विनंती आहे.

आपली नम्र,
एक वाचक, ठाणे