निवड झाली नाही, तरी आमचं ग्राउंड सुटलेलं नाही

महोदय,

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की मैदानांवरच्या गर्दीची बातमी येते आणि निकाल लागला की निवड झालेल्यांचे फोटो छापून येतात. ते यायलाच हवेत, त्या मुलामुलींनी घाम गाळलेला असतो. पण राहिलेल्यांचं पुढं काय होतं, यावर कुठंच काही वाचायला मिळत नाही, म्हणून लिहिते आहे.

मी माण तालुक्यातली. मैदानी चाचणी चांगली निघाली, लेखीनंतर कटऑफच्या खाली राहिले आणि आता वयाची अटही आडवी येणार आहे. दिवसभर मेडिकलच्या दुकानात काम करते. तरी पहाटे पाचला ग्राउंडवर असते. रस्त्यात भेटेल तो विचारतो, "आता कशाला पळतेस?"

मुलींना आठशे मीटर धावायचं असतं. २ मिनिटं ५० सेकंदांत आलं तर २० पैकी २० गुण. शंभर मीटरला १५, चार किलोच्या गोळाफेकीला १५. आठशेचा पहिला राउंड जोशात निघून जातो. खरी परीक्षा शेवटच्या दोनशे मीटरला. पोटऱ्या भरून येतात, घसा कोरडा पडतो, थांबावंसं वाटतं. एकटी पळायचे तेव्हा मी तिथंच थांबायचे. ग्रुपमध्ये शेजारणीचा श्वास कानावर येत असतो, त्यामुळे थांबणं होत नाही. आमच्यात पहिल्या राउंडला एक जण पेस देते, दुसऱ्याला दुसरी पुढं येते. जी आधी पोचते ती खाली बसत नाही. मागं वळून सगळ्यात शेवटच्या मुलीबरोबर पुन्हा पळत येते. "हात हलव, हात हलव!" एवढंच सगळ्या ओरडतात, कारण पाय जड झाले की हातांच्या जोरावरच पुढं सरकता येतं. शेवटची आल्याशिवाय स्ट्रेचिंग सुरू होत नाही. रविवारी महिमानगडाचा चढ असतो, मग बैठका आणि सपाटे. गोळा एकच, वर्गणी काढून आणलेला. तो मानेला टेकवून टेकवून सगळ्यांच्या हनुवटीखाली एकाच जागी खरचटलेलं असतं.

आमच्या तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या. त्यानंतर मुलीनं रस्त्यावर पळायचं म्हटलं की कपाळाला आठ्या घालणारी माणसं निदान आमच्या गावात तरी कमी झाली. अंधारात एकटीनं बाहेर पडणं मात्र आजही अवघडच आहे. म्हणून सगळ्यात लांबच्या वस्तीवरची मुलगी भावाला घेऊन निघते, वाटेतल्या घराघरातून एकेक जण सामील होते आणि डांबरी रस्त्याला लागेपर्यंत आमचा चांगला जथा झालेला असतो.

एकदा एक मुलगी ट्रॅकवर चक्कर येऊन पडली. तिच्याबरोबर आम्ही सगळ्याच प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो, हिमोग्लोबिन तपासून घेतलं. कितीतरी जणींचं कमी निघालं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं होतं, त्यातल्याच आम्ही. तेव्हापासून लोहाच्या गोळ्या घेतल्या का, हे रोज एकमेकींना विचारतो. भिजवलेले हरभरे आणि गूळ-शेंगदाणे डब्यातून येतात आणि वाटून खाल्ले जातात. पाळीच्या दिवसांत किती पळायचं, हेही इथंच मोकळेपणानं बोलता येतं. घरात मला हे कधी कुणाशी बोलता आलं नव्हतं.

गेल्या खरिपात आमच्यातल्या एकीचे वडील दवाखान्यात होते आणि बाजरी काढणीला आली होती. ग्राउंड उरकून आम्ही तिच्या रानात गेलो, पाठोपाठ आमच्या आयाही आल्या. इर्जिक झाली, म्हणजे सगळ्यांनी मिळून मजुरी न घेता एकीचं काम उरकलं. जिची पोरगी पळते म्हणून चार जणी नावं ठेवत होत्या, तिच्या बांधावर त्यातल्याच दोघी विळा घेऊन हजर होत्या. "कशाला पळतेस?" विचारणाऱ्यांना मी हेच सांगते.

म्हणून शिक्षण विभागाला आणि ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे. ज्या गावांत मुली अशा एकत्र येतात, तिथल्या शाळांची मैदानं पहाटे पाच ते सात उघडी ठेवा. एका खांबावर दिवा लावा, ट्रॅकवर मुरूम टाकून रोलर फिरवा आणि स्वच्छतागृहाचं कुलूप त्या वेळेपुरतं उघडा. आमच्या ग्राउंडला आजही गेट बंद असतं आणि आम्ही बाजूच्या तारेतून आत शिरतो. चावी आमच्यापैकी एकीच्या सहीनं द्या. मैदान झाडायचं काम आम्ही करू. आणि हे सगळं जाहिरात निघाल्यावर चार महिन्यांपुरतं नको, बारा महिने हवं. यंदा नववी-दहावीच्या मुली आमच्यात यायला लागल्यात. त्यांची भरती अजून लांब आहे.

– एक वाचक, ता. माण, जि. सातारा