पहिलाच गुन्हा म्हणून नोटरी सुटतो का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या आत्याच्या नावानं एक संमतीपत्र निघालंय, वडिलोपार्जित जमिनीत मला काही नको असं, खाली नोटरीचा शिक्का आणि अंगठा. आता गंमत बघा, आत्या अंगठा देतच नाही, साक्षरता वर्गात शिकली तेव्हापासून सही करते, आणि त्या तारखेला ती जिंतूरला लेकीच्या बाळंतपणात होती. सेलूला परत आली तेव्हा कळलं.

तहसीलबाहेरच्या टपरीवर सगळ्यांचं एकच, नोटरीची पहिलीच चूक हाय, समज देऊन सोडतील. समज देऊन सोडायची सोय नोटरी नियमांत आहे, खोटं नाही, पण त्याच नियमांत सनद काही काळ बंद ठेवता येते किंवा रद्द करून कायमची बंदी घालता येते हे कुणी सांगत नाही. आणि हा झाला फक्त खात्याचा भाग. फौजदारीत फसवणूक सिद्ध झाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा, आणि मिळकतीचा हक्क सोडल्याचा बनावट कागद मौल्यवान दस्तऐवज ठरला तर कलम ३३८ लागतं, तिथं जन्मठेपेपर्यंत. पहिल्यांदा सापडलेल्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायचा १९५८ चा प्रोबेशनचा कायदा आहे, पण त्याचं कलम ४ जन्मठेपेच्या गुन्ह्याला चालतच नाही, मग पहिलीच चूक म्हणून काय उपयोग?

अडचण निराळीच आहे. १९५२ च्या नोटरी कायद्याचं कलम १३ सांगतं की नोटरी म्हणून काम करताना केलेल्या गुन्ह्याची दखल कोर्टाला सरकारनं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीशिवाय घेता येत नाही. आत्या पोलीस स्टेशनला तीनदा जाऊन आली, एकानंही हे सांगितलं नाही, नुसतं उद्या या. प्रामाणिक नोटरीला उगीच कुणी छळू नये म्हणून हे कलम असेलही, पण साठीच्या बाईनं तो अधिकारी कुठं शोधायचा? जिल्हाधिकारी कार्यालयात एक बोर्ड लावा ना, की नोटरीविरुद्ध तक्रार अमक्या टेबलावर.

नोटरीच्या रजिस्टरात त्या दिवशीची नोंद काय, कुणाची सही, ते आम्ही लेखी मागितलंय, अजून उत्तर नाही. नियमातल्या नमुन्यात तक्रार मात्र तयार झाली. आत्यानं पानापानावर सही केली, पूर्ण नाव, आडनावासकट.

आपला,
एक वाचक, सेलू, जि. परभणी