आजीच्या पाटल्या आणि ते पोस्टर

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोन मी आपटला, चूक माझीच. तू एवढंच म्हणालीस की आजी पोस्टरचं साल चुकीचं सांगते, आणि मी तुझ्यावर ओरडलो. तुझी आई त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. फोनवर मला पुन्हा नीट बोलता येईल असं वाटत नाही, म्हणून लिहितोय.

आधी पोस्टरचं. तू ते गुंडाळून नळीत घालून नेलंस, तेव्हापासून जीव टांगणीला लागलाय. साठ वर्षांचा कागद, घडीवर आधीच चिरलेला. चिरेवर चिकटपट्टी लावू नकोस. लॅमिनेशन करून घे असं कुणी सुचवलं तर ऐकू नकोस, त्यातून कागद पुन्हा सुटत नाही. सपाट ठेव, उन्हापासून लांब. मागच्या प्लायवूडचे तपकिरी डाग पुसायला जाऊ नकोस. हे सगळं तुला माझ्याहून जास्त कळतं, ठाऊक आहे. सांगितल्याशिवाय राहवत नाही, त्याचा राग मानू नकोस.

पोस्टरविषयी तू लिहून पाठवलेली चार पानं मी तीनदा वाचली. आजीची गोष्ट ऐकतच मी मोठा झालो, आणि तूही. चीनची लढाई, नोव्हेंबर १९६२, यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला निघाले, हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला असं जो तो म्हणत होता, आणि मारुतीच्या देवळासमोरच्या सभेत आजीनं हातातल्या पाटल्या उतरवून दिल्या. बदल्यात हे पोस्टर मिळालं. माजघरात त्याच्याखाली बसून मी अक्षरं शिकलो. माझ्या आयुष्यात वाचलेला पहिला शब्द ‘जय’. पण त्यापुढे ‘जवान, जय किसान’ लिहिलंय आणि ही घोषणा शास्त्रीजींनी १९६५ मध्ये दिली, म्हणजे पोस्टर बासष्टचं असूच शकत नाही, हे घरातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. तू एका दुपारीत ओळखलंस. आजी सोमवारी रात्री जेवत नाही, तो आम्ही शंकराचा उपास समजत होतो. धान्य वाचवायला आठवड्यातून एक वेळ जेवू नका, असं शास्त्रीजींनी सांगितलं होतं, तोच हा सोमवार. तू हे लिहिलंयस तिथे मला चष्मा काढून ठेवावा लागला. तुझे अण्णा आजोबा असते तर तुझी पानं हातात घेऊन आळीभर फिरले असते.

पण शुक्रवारी आलीस की लगेच आजीसमोर ती पानं पसरू नकोस. एवढंच म्हणायचं होतं.

तू विचारलंयस, छपाईच्या १८६७ च्या कायद्याप्रमाणे छापणाऱ्याचं नाव आणि गाव असायला हवं होतं, ते आपल्या पोस्टरवर का नाही. खालची चार बोटं पट्टी कापलेली आहे म्हणून. फ्रेम लहान पडली, असं अण्णा सांगत. केसरीवाड्यातल्या जुन्या अंकांत त्या वेळच्या सरकारी जाहिराती मिळतील आणि पट्टीवर काय होतं ते समजेल, हा तुझा अंदाज बरोबर आहे. मला त्याचीच धास्ती आहे.

आता सांगूनच टाकतो. साल बासष्ट असतं तर काही बिघडत नव्हतं. तेव्हाचे सुवर्णरोखे, म्हणजे लोकांचं सोनं घेऊन सरकारनं दिलेले कर्जरोखे, तोळ्याला साडेबासष्ट रुपये धरून दिले, बाजारभावापेक्षा कितीतरी कमी, आणि परतफेड पैशांतच होणार होती. १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये निघाले ते राष्ट्रीय संरक्षण सुवर्णरोखे. त्यात १० ग्रॅमला वर्षाला २ रुपये व्याज, आणि पंधरा वर्षांनी, १९८० मध्ये, सोन्याच्या बदल्यात सोनंच परत. आजीच्या पाटल्या चार तोळ्यांच्या. व्याज वर्षाला जेमतेम आठ-नऊ रुपये येत असणार. आजीला हे कुणी समजावलं नाही. तिनं दान म्हणून दिलं आणि अण्णांनी रोखा म्हणून घेतलं.

१९८० साली मी अठरा वर्षांचा होतो. इंजिनिअरिंगला नंबर लागला होता, आणि फी, वसतिगृह, ड्रॉइंगचं सामान यांचा मेळ बसत नव्हता. एका संध्याकाळी अण्णा म्हणाले, झाली सोय. गोल्ड कंट्रोलचे दिवस होते, घरात लगड ठेवायची सोय नव्हती. त्यांनी ते परत आलेलं सोनं विकलं. मी विचारलं नाही. अण्णा गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत व्याजाच्या नोंदींची वही सापडली, तेव्हा कळलं. वीस वर्षं होऊन गेली, मी आजीला सांगितलेलं नाही.

तिनं पुन्हा सोन्याच्या पाटल्या केल्या नाहीत हे तू पाहिलंयस. मला पहिली नोकरी लागली तेव्हा मी आणल्या होत्या, त्या तिनं तुझ्या आईच्या हातात घातल्या. माझ्या पाटल्या देशाला दिल्या, म्हणाली, आता काचेच्याच शोभतात. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईला मी कुठल्या तोंडानं सांगू की त्या परत आल्या होत्या आणि माझ्या पुस्तकांत गेल्या?

तू म्हणशील, बाबा, खरं ते खरं. मीच तुला तसं शिकवलंय, शाळेतल्या निबंधात एक तारीख चुकली तर पान फाडायला लावलंय. तुझा शोध थांबव असं मी म्हणत नाही. केसरीवाड्यात जा, अभिलेखागारात जा, शेवटपर्यंत जा. फक्त आजीला... बघ, पुन्हा तिथेच आलो. दोन रात्री झोप नाही. तिनं देऊन टाकलं ते खरंच आहे ना? सोनं परत आलं म्हणून तिचं देणं खोटं होत नाही, असं मी मनाशी म्हणतो, आणि मग वाटतं, हे मी माझ्याच सोयीसाठी म्हणतोय.

आणखी एक. ती पट्टी अण्णांच्या त्याच वहीत होती, चार घड्या घातलेली. त्यावर अटी आहेत, छापखान्याचं नाव आहे, खाली बारीक अक्षरांत आकडाही आहे. माझ्या कपाटात, वरच्या खणात ठेवलीय. पोस्टानं पाठवत नाही, गहाळ झाली तर दुसरी नाही. शुक्रवारी पोस्टर घेऊन ये. आजी नऊला झोपते. त्यानंतर स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन्ही तुकडे जुळवून पाहू.

पोहोचायची वेळ कळव, स्टँडवर येतो.

तुझा,
बाबा