ताई, तो चौदा ओळींचा सॉरी उडवला

ताई,

नाव लिहायचं नाही असं तू बजावलंयस, म्हणून नुसतं ताईच. पण थँक्यू मला चारचौघांत म्हणायचं होतं, तेव्हा हे उघड पत्र चालवून घे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो, मी एक छोटा गेम बनवलाय, अर्ध्या तासाचा, कोथरूडच्या खोलीत, ऑफिस सुटल्यावर रात्री बसून. मारामारी नाही, पॉइंट नाहीत. शाळेपासूनची मैत्रीण, जिला इतकी वर्षं सगळे मुलगा समजत होते, ती ट्रान्झिशन करतेय, म्हणजे आता मुलगी म्हणून जगायला लागलीय, आणि तुम्ही तिचे मित्र, बास. माझ्याच मैत्रिणीवरून सुचलाय, तिला विचारूनच केलाय.

रेनपायमध्ये (गोष्टीवाले गेम बनवायचं सॉफ्टवेअर) सोपं जाईल वाटलेलं. इंग्रजीत ही-शी बदललं की बरंचसं काम होतं. मराठीत लिहायला बसलो आणि वाट लागली, कारण आपल्याकडे नुसतं 'कुठे होतास' विचारलं तरी समोरचा मुलगा की मुलगी हे आपण ठरवून टाकलेलं असतं. आलास-आलीस, जेवलास-जेवलीस, अरे-अगं. मी सगळ्या क्रियापदांची एक्सेल शीट केली (हसू नकोस), ती टिळक रोडच्या अमृततुल्यात तुला दाखवली तर तू म्हणालीस, "हे ठीक आहे रे, पण तुझा मित्र चुकला की काय करतो ते दाखव."

तर मित्र चुकून 'अरे' म्हणतो आणि मग चौदा ओळी सॉरी. मी किती वाईट आहे, मला लाज वाटते, वगैरे. मला ते फार भारी वाटत होतं. तू वाचलंस, क्रीमरोल चहात बुडवलास आणि विचारलंस, "आता हिने काय करायचं? ह्याचे डोळे पुसत बसायचं?" आणि तिथेच करून दाखवलंस, "कधी आलास, आलीस? चल, भूक लागलीय." संपलं. चौदाच्या चौदा ओळी मी तिथेच डिलीट मारल्या, खरं सांगतो जीवावर आलं होतं, दोन रात्री घातल्या होत्या त्यात. आणि प्रत्यक्षात मी मैत्रिणीशी अगदी तसाच वागलो होतो हे तुला कळलं असणार, पण तू बोलली नाहीस, त्याचं वेगळं थँक्यू.

मग हार्मोन्सचा सीन. माझ्याकडे गोळ्या सुरू झाल्या की पुढच्याच सीनला तिचा आवाज नाजूक. तू खो खो हसलीस. इस्ट्रोजेनने, म्हणजे बायकी हार्मोनने, आवाज बारीक होत नाही, त्याला महिनोन्‌महिने रियाज लागतो, उलट टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, घेणाऱ्यांचा आवाज फुटतो, हे मला कुठे माहीत. आता ती बाथरूममध्ये नळ सोडून प्रॅक्टिस करते आणि मित्र बाहेर मुकाट बसून राहतो, त्या सीनला बटणच नाहीये कुठलं. माझा सगळ्यात आवडता सीन, आणि तो तुझाय.

शेवट मी ऑपरेशनवर केला होता. तू विचारलंस, "म्हणजे ज्यांनी करून घेतलं नाही त्यांचा गेम ओव्हर का?" मी गप्प. सुप्रीम कोर्टाने ट्रान्सजेंडर लोकांच्या हक्कांबद्दलच्या २०१४ च्या नाल्सा निकालात सांगितलं होतं की आपली ओळख आपण ठरवायची, त्यासाठी ऑपरेशनची सक्ती करता येणार नाही, आणि मी मात्र माझ्या गेममध्ये अट घालून बसलो होतो. आता शेवटी दोघं बँकेच्या लायनीत आहेत, काउंटरवरून तिचं जुनं नाव पुकारतात. तुम्ही तिच्या वतीने भांडायला गेलात तर सगळी लाइन वळून तिच्याकडे बघते. आधी तिच्याकडे बघितलंत, तर ती मानेनेच नको म्हणते आणि स्वतः पुढे जाते.

काल रात्री तुझा मेसेज आला, तिसऱ्या सीनमध्ये एक 'होतास' राहिलंय म्हणून. 'होतीस' केलं. चल, भूक लागलीय.