घरी सांगण्याआधी

लातूर

प्रिय वैशाली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तुळशीचं लग्न झालं की स्थळं यायला लागतील, त्याआधी, तुला मुलगे आणि मुली दोन्ही आवडतात हे घरी सांगायचं म्हणतेस. बोल, पण तयारीनं.

आधी शब्दाचं. छापून येतं ते "उभयलिंगी", पण शाळेत हाच शब्द आपल्याला गांडुळासाठी आणि जास्वंदीच्या फुलासाठी शिकवलाय. काकूंना तो सांगितलास तर पोरीच्या शरीरातच काही दोष आहे असं वाटून त्या दवाखाना गाठतील. "उभयलैंगिक" त्याहून बरा, पण स्वयंपाकघरात तोही नको. सरळ म्हण, मला मुलं आवडतात, तशा मुलीही आवडतात.

खरी अडचण इथंच आहे गं. घरचे यातलं अर्धंच ऐकतात. "मुलं आवडतात" एवढंच धरलं की म्हणतात, मग अडलंय कुठं, कर की लग्न. "मुलीही" धरलं की म्हणतात, ही काही नांदत नाही. म्हणून त्या वाक्यावर थांबू नकोस. लगेच पुढं सांग, हे लग्नानं जाणार नाही आणि यामुळं मी कुणाला फसवेन असंही नाही. दोन्हीकडची ओढ निम्मी-निम्मी नसते. वर्षानुवर्षं एकीकडंच असली तरी दुसरी खोटी ठरत नाही. हे फक्त मुलींवरच प्रेम करणाऱ्या बायकांनाही पटत नाही कधीकधी. "तू काय, शेवटी लग्न करून सुटशील," असं त्यांच्याकडून ऐकावं लागतं, आणि ते जास्त लागतं.

आपल्याकडं होस्टेलात दोघी एका कॉटवर झोपल्या तर रेक्टर काही म्हणत नाही. गेटवर मुलाशी दोन मिनिटं बोललं की घरी फोन. त्यामुळं मुलीवरचं प्रेम कुणाला दिसतच नाही. आपणही त्याला "जिवलग मैत्रीण" म्हणत राहतो. तिचं लग्न लागतं तेव्हा रडण्याचं कारणसुद्धा सांगता येत नाही.

पहिल्यांदा एकाच माणसाला सांग, ज्यानं तुझं आधीचं एखादं गुपित पोटात ठेवलंय. व्हॉट्सॲपवर लिहू नकोस, स्क्रीनशॉट भावकीभर फिरतो. सणावाराला, घर भरलेलं असताना तर नाहीच. दुपारी, शेताकडं चालत जाताना बरं. समोर बघावं लागत नाही.

स्थळाचं पुढं गेलंच, तर मुलाला सुपारी फुटायच्या आधी सांग, आणि घराबाहेर भेटून. तो हसून "मग तर मजाच" म्हणाला तर तिथंच थांब. त्याला तुझं मन कळलेलं नाही. गप्प बसला, दोन दिवस मागितले, तर दे.

कुणी "उपचार करून घे" म्हणेल. हा आजार नाही. असं "बदलवण्याचे" उपचार करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं 2022 मध्ये सांगितलंय. गुन्हा तर नाहीच, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 6 सप्टेंबर 2018 चा आहे. मात्र 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालानं दोन बायकांच्या लग्नाला मान्यता मिळाली नाही. पुढं एखादीबरोबर राहायचं ठरलं तर बँकेत जोडखातं आणि नॉमिनी करता येतं, 2024 मध्ये केंद्रानं तसं स्पष्ट केलंय. तेवढं आधी करून घे. मन फार जड झालं तर 14416 लाव, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे. फुकट आहे, मराठीत बोलतात.

आणि बोलायच्या आधी मूळ मार्कशीट, आधार, एटीएम कार्ड स्वतःच्या ताब्यात घे. पुष्कळदा आधी फोन काढून घेतात, मग कागदं कुलपात जातात. माझा नंबर आणि महिला हेल्पलाइनचा 181, दोन्ही वहीत लिहून ठेव, पाठ असले तर उत्तम. मार्कशीट माझ्याकडं पाठवलीस तरी चालेल, कपाटातला वरचा कप्पा मोकळा करून ठेवते.

तुझी,
सुनंदा