आधी नोंदी, मग स्कॅनर

संपादक महोदय,

अमुक ग्रंथालयाची इतकी लाख पाने 'डिजिटल' झाली, तमुक संस्थेने परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करार केला, अशा बातम्या आपल्या आणि इतरही दैनिकांत वरचेवर येतात. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात हस्तलिखितांसाठी 'ज्ञान भारतम्' मोहीम जाहीर झाल्यापासून त्यांत भरच पडली आहे. या बातम्यांत पानांचा आकडा असतो, खर्चाचा असतो; सूचीतल्या नोंदींबद्दल, म्हणजे शीर्षक, लेखक, वर्ष या माहितीबद्दल, मात्र अवाक्षर नसते. ग्रंथसूची आणि डिजिटल संग्रहांच्या जोडणीचे काम करणाऱ्या आम्हा काही जणांचे म्हणणे असे, की दोन देशांतले संग्रह एकमेकांना जोडले जातात ते नोंदींमुळे. पानांची चित्रे कितीही सुबक असली, तरी ती आपसूक जुळत नाहीत. आपल्याकडे पैसा खर्च होतो तो नेमका उलट्या क्रमाने.

नीट झालेल्या कामाचे उदाहरण पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. तिची संहिता क्योटोचे प्रा. मुनेओ तोकुनागा यांनी संगणकावर चढवली, केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली, आणि आज जगभरचे संस्कृत अभ्यासक तीच वापरतात. तीन देशांतल्या लोकांना हे जमले याचे श्रेय बरेचसे एका साध्या गोष्टीला जाते: प्रत्येक ओळीला क्रमांक आहे. पर्वाचे दोन अंक, अध्यायाचे तीन, श्लोकाचे तीन आणि शेवटी एक रोमन अक्षर. श्लोकाच्या पहिल्या ओळीला 'ए', दुसरीला 'सी'. 'कर्मण्येवाधिकारस्ते' ही ओळ ०६०२४०४७ए. गीता भीष्मपर्वाच्या २३ ते ४० या अध्यायांत येते, म्हणून गीतेचा दुसरा अध्याय इथे चोविसावा. हा क्रमांक छापील आवृत्तीशी जुळतो. त्यामुळे कुणी व्याकरणाचे विश्लेषण जोडो, कुणी भाषांतर जोडो, कुणी चूक कळवो, सगळे एकाच ओळीवर येऊन मिळतात.

आता दुसरी बाजू. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या पुढाकाराने भारत, चीन आणि इजिप्त यांच्या साथीने 'मिलियन बुक प्रोजेक्ट' उभा राहिला. २००७ मध्ये १५ लाख पुस्तकांचा टप्पा ओलांडल्याचे जाहीर झाले. 'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया' ही त्याचीच भारतातली शाखा, आणि तिच्यामुळे दुर्मीळ मराठी पुस्तके घरबसल्या मिळू लागली हे मान्यच करायला हवे. पण नोंदी करताना मराठी शीर्षके मनाला येईल तशा रोमन लिपीत लिहिली गेली. लेखकाचे आडनाव कधी आधी, कधी नंतर, कधी नाहीच. एकच पुस्तक दोन केंद्रांवर स्कॅन झाले तरी ते एकच आहे हे संगणकाला कळण्याची सोय नव्हती, कारण जुन्या पुस्तकांना आयएसबीएन हा आंतरराष्ट्रीय पुस्तक-क्रमांक नसतो आणि शीर्षकांचे स्पेलिंग जुळत नाही. पुढे ते संकेतस्थळ बंद पडले. पुस्तके आज 'इंटरनेट आर्काइव्ह'वर मिळतात. तिथल्या बऱ्याच नोंदींत जुना बारकोड क्रमांक शिल्लक आहे, आणि जुळवाजुळव करणाऱ्यांना खरा हात मिळतो तो त्या क्रमांकाचाच.

मराठी नोंदी परदेशी सूचींशी जोडताना सर्वांत जास्त नडते ते छपाईचे वर्ष. मुखपृष्ठावर 'शके १७९७' असते, नोंद करणारा वर्षाच्या रकान्यात १७९७ टाकतो, आणि मुंबईत छापलेले पुस्तक विल्यम केरी यांच्या १८०५ सालच्या सेरामपूर येथील मराठी व्याकरणाच्याही आधीचे ठरते. शके १७९७ म्हणजे इसवी सन १८७५-७६. चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. महिना छापलेला नसेल तर एकच वर्ष ठोकून देऊ नये, '१८७५/१८७६' असा अवधी द्यावा. तारखांच्या प्रमाण पद्धतीत त्याची सोय आहे. पेशवेकालीन कागदांत तर सुहूर सन असतो, तोही अरबी संख्याशब्दांत. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, एकूण ११६१. मृगापासून डिसेंबरपर्यंत त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची. म्हणून ती सुहूर ११६१ मध्ये येते. नियम एकच: कागदावर जसे आहे तसे एका रकान्यात, इसवी सन दुसऱ्यात. पहिला रकाना पुसून दुसरा भरला, तर पुढे चूक सापडली तरी दुरुस्त कशावरून करणार?

दुसरी अडचण नावांची. केशवसुत आणि कृष्णाजी केशव दामले हे एकच, हे आपल्याला शाळेत कळते. बर्लिनमधल्या सर्व्हरला कळत नाही. राम गणेश गडकरी, गोविंदाग्रज आणि बाळकराम ही तर तीन नावे झाली, आणि प्रत्येकाची रोमन रूपे निराळी. यावर उपाय म्हणजे व्यक्तीला क्रमांक देणे. राष्ट्रीय ग्रंथालयांच्या नामसूची एकत्र करणारी 'व्हीआयएएफ', सोळा अंकी 'आयएसएनआय' आणि 'विकिडेटा' या तीन ठिकाणी असे क्रमांक मिळतात. नोंदीत नावाशेजारी त्यांपैकी एक तरी लिहावा. विकिडेटावर लेखक नसेल, तर जन्म-मृत्यूची वर्षे आणि टोपणनावे आधारासह देऊन नवी नोंद कुणालाही करता येते. फार तर दहा मिनिटांचे काम, आणि ते जगात एकदाच करावे लागते.

तिसरी अडचण पडद्यावर दिसतच नाही. 'ॲ' हे अक्षर स्वतंत्र चिन्ह म्हणून यूनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, २००८ साली आले. त्याआधी, आणि काही कीबोर्डांवर आजही, ते 'अ'वर चंद्र देऊन टाइप होते. दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द. यूनिकोडचे प्रमाणीकरण ही दोन रूपे एक करत नाही. त्यासाठी अदलाबदलीचा नियम स्वतःच लिहावा लागतो. नाहीतर 'ॲरिस्टॉटल' शोधणाऱ्याला निम्मीच पुस्तके सापडतात. 'ऱ्य'चेही तसेच. तो दोन प्रकारे टाइप होतो, आणि त्यांतल्या एका प्रकारात मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह असते. परदेशी भागीदाराकडची 'सफाई' करणारी प्रणाली अदृश्य चिन्हे कचरा समजून काढून टाकते, आणि 'आचाऱ्यास' दिलेले 'आचार्यास' मिळते. म्हणून माहिती पाठवण्याआधी असे सगळे शब्द 'ऱ' या स्वतंत्र अक्षराच्या रूपात आणून ठेवावेत. जुन्या नोंदी श्रीलिपी किंवा योगेशसारख्या यूनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असतील, तर प्रत्येक फॉन्टचा स्वतंत्र तक्ता लागतो. पहिली वेलांटी आणि रफार यांच्या जागा हमखास चुकतात, तेव्हा रूपांतरानंतर निदान ते दोन प्रकार डोळ्यांखालून घालावेत.

हे झाल्यावर मग देवाणघेवाण. एका संस्थेच्या संगणकाने दुसरीकडून नोंदी मागून घेण्याचा 'ओएआय-पीएमएच' हा शिष्टाचार (प्रोटोकॉल) २००२ पासून स्थिर आहे. त्यात आज्ञा फक्त सहा, आणि डीस्पेस, कोहा या ग्रंथालयांच्या सॉफ्टवेअरांत तो आयता मिळतो. पण किमान अट म्हणून तो जी 'डब्लिन कोअर' नोंद मागतो, तिच्यात रकाने पंधराच. संपादक, अनुवादक, टीकाकार सगळे एकाच 'सहयोगी' रकान्यात कोंबले जातात. ज्ञानेश्वरीच्या आवृत्त्यांत कोणती कुणी संपादित केली हेच महत्त्वाचे. तेच इथे हरवते. याहून वाईट म्हणजे ग्रंथालये सविस्तर नोंदी ज्या 'मार्क' पद्धतीत ठेवतात तिच्यात देवनागरी शीर्षक बहुधा ८८० क्रमांकाच्या क्षेत्रात असते आणि रूपांतराचा आयता तक्ता ते क्षेत्र गाळतो. पलीकडे पोचते ती फक्त रोमन लिपी. शिष्टाचाराला एकाहून अधिक स्वरूपे चालतात, तेव्हा डब्लिन कोअरच्या जोडीला पूर्ण मार्क-एक्सएमएल द्यावे आणि भागीदाराला तेच घ्यायला सांगावे. आणखी दोन खोडी सांगायला हव्यात. सॉफ्टवेअर बदलले की सगळ्या नोंदींवर एकाच दिवसाची तारीख पडते आणि समोरची संस्था सारा संग्रह नवा समजून पुन्हा ओढते. आणि काढून टाकलेल्या नोंदीची खूण ठेवली नाही, तर ती पलीकडे वर्षानुवर्षे भुतासारखी राहते.

हस्तलिखितांच्या बाबतीत चित्रांची जोडणीही लागते. मेवाडच्या जगत सिंहांसाठी १६४९ ते १६५३ मध्ये चितारलेल्या रामायणाची पाने लंडन आणि भारतातले संग्रह यांत विखुरली आहेत. ब्रिटिश लायब्ररी आणि मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय यांनी २०१४ मध्ये ती संगणकावर एकत्र आणली. आज असे काम 'आयआयआयएफ' या प्रमाण पद्धतीने, पाने आपापल्या संस्थेच्या सर्व्हरवर ठेवूनच करता येते: प्रत्येक संस्था पानांची एक यादी प्रसिद्ध करते आणि वाचक एकाच खिडकीत दोन्हीकडची पाने शेजारी ठेवतो. नेहमी अडते ते एका क्षुल्लक जागी. चित्रांच्या सर्व्हरने इतर संकेतस्थळांना परवानगी देणारी 'कॉर्स' ओळ लावलेली नसते, आणि पलीकडे पान कोरे दिसते. दोष मात्र स्कॅनिंगला दिला जातो. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये सायबर हल्ला झाला, तेव्हा तिची डिजिटल हस्तलिखिते दीर्घकाळ पाहता येत नव्हती. म्हणून स्कॅनच्या मूळ, पूर्ण दर्जाच्या टिफ फाइली दोन निराळ्या संस्थांत असाव्यात. ४०० पीपीआयवर, म्हणजे इंचाला ४०० बिंदूंनी, ए-५ आकाराचे एक रंगीत पान सुमारे २३ एमबी, तीनशे पानांचे पुस्तक जवळपास ७ जीबी. प्रत्येक फाइलचा चेकसम, म्हणजे फाइल बिघडली तर ते उघड करणारा आकडा, नोंदवून ठेवावा आणि वर्षातून एकदा पडताळावा.

हक्कांविषयी थोडक्यात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो. १९३५ साली छापलेले आणि १९४५ मध्ये निवर्तलेल्या लेखकाचे पुस्तक आपल्याकडे १ जानेवारी २००६ पासून खुले आहे. अमेरिकेत ते छपाईपासून ९५ वर्षे, म्हणजे २०३० अखेरपर्यंत बंद राहू शकते. तेव्हा नोंदीत नुसते 'हक्कमुक्त' न लिहिता कोणत्या देशात आणि कोणत्या आधाराने ते लिहावे. 'राइट्सस्टेटमेंट्स' या उपक्रमाची बारा ठरावीक विधाने याच कामासाठी आहेत. चित्रांवर अटी घालाव्यात की नाही यावर मतभेद असू शकतात. नोंदींवर मात्र त्या मुळीच नसाव्यात. युरोपीयाना या युरोपीय संग्रहाने २०१२ पासून नोंदी 'सीसी झिरो' या बिनशर्त परवान्याखाली खुल्या केल्या, त्यामुळे कुणाचे पुस्तक चोरीला गेलेले नाही.

आता करारांबद्दल. आमच्या पाहण्यातल्या बहुतेक मसुद्यांत स्कॅनरची क्षमता, पानांची संख्या आणि उद्घाटनाची तारीख असते. त्यांत निदान चार कलमे यावीत. स्कॅनिंगच्या आधी दोनशे नोंदींचा नमुना दोन्ही बाजूंनी हाताने तपासणे. प्रत्येक वस्तूला संकेतस्थळ बदलले तरी न बदलणारा क्रमांक. त्यासाठी हँडल किंवा एआरके यांपैकी कोणतीही क्रमांकपद्धती चालेल, आणि एआरकेला शुल्क नाही. प्रकल्प संपताना सगळ्या फाइली व नोंदी खुल्या स्वरूपात मूळ संस्थेच्या ताब्यात देणे. आणि चौथे, जे जवळजवळ नेहमीच राहून जाते: परदेशी भागीदाराने केलेल्या दुरुस्त्या दर सहा महिन्यांनी इकडे परत येणे. तसे झाले नाही, तर तिकडची प्रत सुधारत जाते आणि मूळ ग्रंथालयाच्या सूचीत शके १७९७ चे पुस्तक १७९७ सालीच राहते.

ज्या ग्रंथालयांत कोहा किंवा डीस्पेस आधीच चालू आहे, त्यांनी आपल्या सर्व्हरच्या ओएआय पत्त्यापुढे रोमन लिपीत '?verb=Identify' अशी जोड देऊन तो ब्राउझरमध्ये उघडून पाहावा. उत्तरात संस्थेचे नाव, चालू असलेला ईमेल आणि सर्वांत जुन्या नोंदीची तारीख दिसली पाहिजे. अनेक ठिकाणी तिथे सॉफ्टवेअर बसवताना आपोआप आलेले नमुन्याचे नाव आणि ईमेलच आढळतात. ते बदलायला पैसे लागत नाहीत, निविदाही काढावी लागत नाही.

आपले,
ग्रंथसूची व डिजिटल संग्रहांचे काम करणारे काही वाचक, पुणे